खाऱ्या वाऱ्यात बुलेटचा स्टेनलेस सायलेन्सर: पाइप कुठला घ्यायचा आणि फिनिश कसा करायचा

आमचं घर गोव्यात मांद्र्याला, समुद्र जेमतेम दीड किलोमीटरवर. बाबांची १९८४ ची बुलेट अजून रोज चालते आणि तिच्या इंजिनाने जेवढा त्रास दिला नसेल तेवढा सायलेन्सरने दिलाय. क्रोमवाले दोन सायलेन्सर खालून सडले, मग कंटाळून स्टेनलेसचा घेतला, दुकानदार म्हणाला आता आयुष्यभर बघायला नको, आणि पहिलाच पावसाळा संपता संपता वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंनी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलोय, आणि आता खात्रीने सांगतो की ग्रेड, म्हणजे स्टेनलेसचा प्रकार, महत्त्वाचा आहेच पण अर्ध्याहून जास्त काम फिनिशिंगचं आहे.

आधी ग्रेड. आपल्याकडे बाजारात नुसतं 'एसएस' म्हणून जे मिळतं त्यात २०२ भरपूर असतं, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, स्वस्त पडतं, पण किनाऱ्यावर टिकत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये वरून २-३ टक्के मॉलिब्डेनम, ते मिठाला जास्त दाद देत नाही. ४०९ गाड्यांच्या कंपन्या वापरतात, त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, आरपार सडायला वेळ लागतो पण वरून तपकिरी होतंच, म्हणजे जुन्या गाडीला शोभत नाही.

लोक मॅग्नेट लावून बघतात. मॅग्नेट घट्ट चिकटला तर ते साधं लोखंड किंवा ४०९, एवढंच कळतं. २०२ आणि ३०४ दोन्हीला तो चिकटत नाही, आणि बेंड मारलेल्या जागी तर चांगलं ३०४ पण थोडं ओढतं, म्हणून त्यावरून भांडू नका. पाइप घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, नाहीतर मोठ्या भंगारवाल्याकडे धातू तपासायची गन असते, तिथे दोन मिनिटांत ग्रेड कळतो. माझं मत, बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकवलेला पाइप) ३०४ चा बास, सायलेन्सरची बाहेरची नळी समुद्राजवळ राहणाऱ्यांनी जमलं तर ३१६एल ची (कमी कार्बनचं ३१६) करावी. पण खडबडीत ठेवलेल्या ३१६ पेक्षा नीट घासलेलं ३०४ जास्त टिकतं, कारण मीठ ओरखड्यांतच बसून राहतं.

जाडी बेंड पाइपला १.६ मिमी म्हणजे १६ गेज, सायलेन्सरला १.२ चालतं. त्याहून पातळ घेतला की आवाज पत्र्यासारखा येतो आणि पाइप लगेच निळा पडतो. तसा थोडा सोनेरी-निळा रंग स्टेनलेसला येणारच, पण पहिल्याच दिवशी गडद निळा झाला तर कार्ब्युरेटर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे का आणि ठिणगीचं टायमिंग मागे आहे का ते बघा, पाइपला दोष देऊ नका.

वेल्डिंगसाठी मी सायलेन्सरवाल्यांकडे जात नाही. झुवारीच्या काठाला, वास्कोच्या बाजूला जे बोटींच्या रेलिंगचं काम करतात त्यांना स्टेनलेस आणि खारं पाणी दोन्ही कळतं. आर्गन वायू वापरून केलेलं वेल्डिंगच पाहिजे, आणि पाइपच्या आतून पण आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतल्या बाजूला करपलेल्या गुळासारखे काळे दाणे धरतात आणि जॉइंट तिथूनच चिरतो. काम घेताना मोबाइलचा टॉर्च लावून आत बघायचं. ३०४ ला ३०८एल ची वेल्डिंग वायर, ३१६ ला ३१६एल. वेल्डिंगचे पहिले कच्चे टाके गाडीवरच मारून घ्या, इंजिनाचे बोल्ट घट्ट असताना. आणि मागच्या ब्रॅकेटचं भोक गोल नको, लांबट ठेवा, स्टेनलेस तापलं की साध्या लोखंडाच्या दीडपट फुगतं, जागा मिळाली नाही की ब्रॅकेट तुटतो.

आता घासकाम, इथे घाई केली की सगळं वाया. वेल्डच्या बाजूचा निळा-काळा पट्टा पूर्ण निघाला पाहिजे, त्या पट्ट्याखालचं क्रोमियम कमी झालेलं असतं आणि डाग तिथूनच सुरू होतात. पिकलिंग पेस्टने (वेल्डचे डाग काढायची अॅसिडची पेस्ट) तो निघतो पण त्यात हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं, ते वर्कशॉपवाल्यालाच करू द्या, घरी अजिबात नको. घरी नवी फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) वापरा, नवी म्हणजे लोखंडाला कधीच न लागलेली. माझा पाइप अंगणात घासून ठेवला होता आणि शेजारी गेटचं ग्राइंडिंग चाललेलं, सकाळी बघतो तर पाइपभर मोहरीएवढे लाल ठिपके. लोखंडाची धूळ उडून बसली आणि रात्रीच्या दमट हवेत गंजली, परत १८० पासून सुरुवात करावी लागली.

मग पॉलिश पेपर, नंबर १२०, १८०, २४०, ३२०, ४००, ६०० असे एकही न गाळता. प्रत्येक नंबरला आधीच्या रेषांना आडवं घासायचं, जुन्या रेषा दिसेनाशा झाल्या की मगच पुढचा नंबर, मध्ये धुऊन घ्यायचं. बेंडवर बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशी पेपरची लांब पट्टी ओढायची, म्हणजे सपाट चट्टे पडत नाहीत. ३२० पासून पुढे पाणी लावून. आरसा नको असेल तर ६०० वर थांबा आणि शेवटचा हात पाइपच्या लांबीला समांतर मारा. आरसा हवा असेल तर आधी सिसलचं (काथ्यासारख्या धाग्याचं) चाक आणि कटिंगचा साबण (चाकाला लावायची पॉलिशची वडी), मग सुती चाक आणि हिरवा साबण, दोन्हींची चाकं वेगळी. पाइपची कड चाकाच्या समोर कधीच धरू नका, चाक पाइप ओढून फेकतं. गॉगल घालाच.

हे झालं की डिटर्जंटने तेल काढून टाकायचं आणि लिटरला १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपलं लिंबाचं फूल, ५०-६० अंश गरम पाण्यात अर्धा तास पाइप बुडवून ठेवायचा. वर बसलेलं लोखंड सुटतं आणि क्रोमियमचा थर नीट धरतो. मग धुवायला पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. टॉयलेटचं अॅसिड, ब्लीच आणि लोखंडी घासणी या तीन गोष्टी स्टेनलेसच्या जवळपास आणू नका.

बसवताना हातमोजे घाला आणि पहिल्या स्टार्टआधी पाइप थिनरने पुसून घ्या, बोटांचे ठसे तापून कायमचे उमटतात. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर अडकून बसतो म्हणून आट्यांना अँटीसीझ (नट अडकू न देणारं ग्रीस) लावा. दहा मिनिटं चालवून, थंड करून क्लॅम्प परत आवळा. बॅफल (सायलेन्सरच्या आतला आवाज कमी करणारा भाग) काढू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली चलन बसतं, आणि बुलेटची खालची ओढही जाते.

सायलेन्सर आतून सडतो तो धुरातल्या पाण्याने. सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक नसेल तर पाडून घ्या. पावसाळ्यात नुसतं बाजारापर्यंत जाऊन यायचं असेल तर ते पाणी वाळतच नाही, आठवड्यातून एकदा तरी सायलेन्सर पूर्ण तापेल एवढं लांब, पेडण्यापर्यंत जाऊन या. केरी-तेरेखोल फेरीबोटीने खाऱ्या पाण्यावरून आलात की घरी गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडं करा. आणि गाडी झाकताना प्लास्टिक नको, आत घाम धरतो, जुनी सुती चादर टाका.