पार्किंगला काळा थर मारण्याआधी

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, वॉटरप्रूफिंगच्या कामाला गेले की हल्ली एक मागणी ठरलेली. "ताई, गेटपासून पोर्चपर्यंत ते काळं कोटिंगपण मारून द्या की. भाच्याच्या घरी अमेरिकेत बघितलंय, काय चकाचक दिसतं!" मी आधी विचारते, खाली काय आहे? काँक्रीट, पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी असेल तर हा थर लागतच नाही. तिकडं तो डांबरी जमिनीवर देतात, कारण थंडीत भेगांतलं पाणी गोठून फुगतं आणि डांबर उकलतं. आपल्याकडं कसलं गोठतंय? काँक्रीटला भेग असेल तर खरवडा, धूळ काढा, तेवढ्यापुरतं क्रॅक फिलर भरा. पैसे वाचले.

खरोखरच डांबरीकरण केलेलं असेल, तर डबा घेताना डोळे उघडे ठेवा. डांबर दोन जातींचं असतं. एक खनिज तेलातून निघणारं बिटुमेन, रस्त्याला वापरतात ते. दुसरं कोल टार, कोक नावाचं भट्टीचं इंधन बनवताना दगडी कोळशातून निघणारं. दिसायला दोन्ही काळीच. पण कोल टारच्या सीलरमध्ये, म्हणजे या काळ्या कोटिंगमध्ये, पीएएच नावाची रसायनं बिटुमेनच्या सीलरपेक्षा साधारण हजारपट असतात. त्यातली काही कॅन्सर करणारी आहेत, आणि कोल टार पिचनं माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं २००६ मध्ये असल्या सीलरवर बंदी घातली, २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं. ऑस्टिनमध्येच घरांतली धूळ तपासली, तेव्हा कोल टारच्या पार्किंगशेजारच्या घरांत पीएएच इतर घरांच्या पंचवीसपट निघाले. म्हणजे थर बाहेर, पण झिजलेली पूड चपलेबरोबर आत, रांगणाऱ्या पोराच्या हाताला.

डब्यावर 'कोल टार', 'टार पिच' किंवा ६५९९६-९३-२ हा त्या रसायनाचा ओळख क्रमांक (CAS) दिसला तर परत द्या. बिटुमेनचा क्रमांक ८०५२-४२-४. डब्यावर काहीच नसेल तर दुकानदाराकडं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालात काय आहे ते सांगणारा कंपनीचा कागद मागा. "सगळे हेच नेतात" हे उत्तर चालवून घेऊ नका. पार्किंगला आधीच थर असेल तर थोडा खरवडून काचेच्या बाटलीत टाका, वर ऑइलपेंटचं टर्पेंटाईन ओता, हलवून अर्धा तास ठेवा. द्रव गडद तपकिरी-काळा झाला तर बहुतेक बिटुमेन. फिकट पिवळसरच राहिला तर कोल टारचा संशय धरा. हे मोकळ्या हवेत, ग्लोव्हज घालून करा, आणि जवळ बिडी नको.

आता खास आपल्या गावची गोष्ट. नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघर जमिनीखाली हौद, आणि त्याचं झाकण नेमकं पार्किंगमध्ये! बऱ्याच ठिकाणी ते फरशीच्या पातळीलाच असतं. एका घरी मी झाकण उचललं तर आतल्या कडेला काळी ओली माती बसलेली. गाडी धुतली की पाणी सरळ तिकडंच वळायचं. हौदाच्या तोंडाभोवती सहा इंच उंच कट्टा बांधा, उतार गेटकडं ठेवा आणि झाकणाच्या आसपास कुठलाही काळा थर नको, बिटुमेनचासुद्धा. बोअर रिचार्जच्या खड्ड्यात गच्चीचं पाणी सोडा, पार्किंगचं नाही. आणि त्या थरावर वाळवण घालू नका. कुरडया-पापडांनाही नको, चटणीच्या मिरच्यांनाही नको. बाज टाका, नाहीतर गच्ची आहेच. पावसात वाहून गेलेली पूड नाल्यातून सीना नदीच्या दिशेनं जाते, गाळात बसते, मासे-बेडकांना बाधते.

कोल टारचा जुना थर निघाला तर ग्राइंडर लावून कोरडा घासू नका, जाळू तर अजिबात नका. ओला करून झाडा, पायपुसणं वारंवार धुवा, चपला बाहेर.

नवा थर द्यायचाच असेल तर पाण्यातलं बिटुमेन इमल्शन घ्या, आणि दिवाळीनंतर. मे महिन्यात थर मऊ पडून चपलेला चिकटतो, जूनमध्ये सुकायच्या आत पाऊस येतो. धूळ बसावी म्हणून गाडीचं जळकं ऑईल ओतायची पद्धतही सोडा. त्यातही पीएएच असतात, जोडीला धातू.

मजुरांना पूर्ण बाह्या आणि ग्लोव्हज द्या. कोल टार अंगाला लागलेलं असताना ऊन लागलं तर कातडी जास्तच भाजते. गरम बिटुमेन अंगावर उडालं तर भरपूर गार पाणी ओतत राहा, चिकटलेलं ओढू नका, दवाखान्यात न्या. संध्याकाळी हात रॉकेल-डिझेलनं धुवू देऊ नका. गोडेतेल चोळायचं, मग साबण.