जुना फ्लॅट विकायला काढताना या चुका टाळा

कोथरूडमधील आमचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा तो जवळजवळ दीड वर्ष बंद होता. सासूबाई गेल्यानंतर तिथे कोणी राहत नव्हते. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी जाऊन खिडक्या उघडायच्या आणि केर काढून परत यायचे, एवढेच आमच्याकडून होत असे. नव्वदच्या दशकातील इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन बेडरूम. पहिल्या तीन महिन्यांत अकरा कुटुंबे घर पाहून गेली आणि त्यांतले एकही दुसऱ्यांदा फिरकले नाही. भाव चढा असावा असे समजून आम्ही तो दोनदा उतरवला, तरीही काही फरक पडला नाही. पुढे नात्यातील आणि ओळखीच्या पाच-सहा घरांच्या विक्रीत लक्ष घातल्यावर कळले, की जुने घर पाहायला आलेला माणूस सजावट पाहत नसतो. हे घर आपल्याला कुठे फसवणार आहे, हे तो शोधत असतो. आमच्या घरात तशा जागा बऱ्याच होत्या आणि त्यांतल्या काही आम्हीच तयार केल्या होत्या.

ओलीवर रंग देणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि ती आम्ही केली. हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीला खिडकीखाली जुनी ओल होती. मे महिन्यात भिंत वरवर कोरडी दिसत होती, म्हणून रंगाऱ्याने पोपडे खरवडून पुट्टी भरली आणि वर प्लॅस्टिक पेंटचे दोन हात दिले. भिंत नव्यासारखी दिसू लागली. जुलैत एक गृहस्थ आपल्या वृद्ध वडिलांना घेऊन आले. मुलगा स्वयंपाकघर पाहत होता. वडील मात्र थेट त्या खिडकीपाशी गेले, भिंतीवरून तळवा फिरवला आणि एका जागी नखाने हलकेच टोकरले. रंगाचा पापुद्रा भाजलेल्या पापडासारखा सुटून त्यांच्या हातात आला.

“हा रंग कधी दिला?” त्यांनी विचारले.

“मे महिन्यात, काका.”

“म्हणजे ओल तुम्हांला माहीत होती.”

ते रागावले नव्हते. मात्र त्यानंतर त्यांनी कोरडी ठणठणीत छतेसुद्धा संशयाने न्याहाळली आणि आम्ही सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसला नाही.

भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येताना विटा आणि गिलाव्यातील क्षार विरघळवून पृष्ठभागाशी आणते, पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच साठतात. यालाच आपण लोणा लागला असे म्हणतो. हे क्षार रंगाला आतून ढकलतात, त्यामुळे रंग कितीही भारी असला तरी तो फुगतो आणि पोपडे सुटतात. तेव्हा रंगाऱ्याला बोलावण्याआधी पाणी कुठून येते ते शोधले पाहिजे. भिंत आतून ओली आहे की खोलीतील दमटपणा तिच्यावर जमतो आहे, अशी शंका असल्यास प्लॅस्टिकच्या जाड कागदाचा हात-दीड हात तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवावा. भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे आणि खोलीकडील बाजूस जमले तर हवेतून. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा संशय असेल, तर त्या शेजाऱ्यांना विनंती करून जाळीचे तोंड बंद करावे आणि तिथे दोन बोटे पाणी चोवीस तास साठवून पाहावे. खालच्या छतावर डाग वाढला तर कारण सापडले.

खर्च कोणी करायचा, यावरून सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालतात आणि तोवर घर विकायचे राहून जाते. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून होणारी गळती थांबवणे ही सोसायटीची जबाबदारी आहे, तर न्हाणीघर-संडास, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती संबंधित सभासदांनी दुरुस्त करायची असते. आमच्या बाबतीत खिडकीची चौकट आणि दगडी पट्टी यांच्यामधला सांधा उघडा पडला होता. तो भरून घेतला, गिलावा विटेपर्यंत खरवडून काढला आणि दिवाळी होईपर्यंत ती भिंत तशीच उघडी ठेवली. त्या काळात आलेल्या लोकांना उघडी भिंत दाखवून कारण सांगितले आणि दुरुस्तीची पावती समोर ठेवली. एकानेही तोंड वाकडे केले नाही. भिंत पूर्ण वाळलेली नसेल तर रंग न देता घर दाखवणे केव्हाही बरे. माहीत असलेल्या दोषाचे पैसे भावात वळते करता येतात, तर लपवलेला दोष उघडा पडला की गिऱ्हाईकच निघून जाते.

बंद घराचा वास अगरबत्तीने झाकणे

आमच्या घरात दार उघडताच गटारासारखा वास येत असे. आम्ही आधी अगरबत्ती लावली, मग कपाटांत डांबराच्या गोळ्या टाकल्या. परिणामी तिन्ही वास एकत्र येऊ लागले. प्लंबरने येऊन न्हाणीघराच्या जाळीत बादलीभर पाणी ओतले आणि सांगितले, “झालं, उद्यापासून वास येणार नाही.” नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या भांड्यात, नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि तेच सांडपाण्याच्या नळीतील वायूला अडवते. घर बंद राहिले की ते पाणी उडून जाते, वाट मोकळी होते आणि त्याच वाटेने झुरळेही येतात. न्हाणीघर, संडास, सिंकखालची नळी, ड्राय बाल्कनी अशा प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एकदा पाणी ओतणे एवढाच यावरचा उपाय आहे. पाणी ओतूनही वास येत राहिला तर ट्रॅप तडकलेला असू शकतो, आणि तो मात्र बदलावा लागतो.

बंद घराचे आणखी दोन त्रास लक्षात ठेवावेत. खूप दिवसांनी नळ उघडला की लोखंडी पाइपातील गंजामुळे पहिले पाणी तांबूस येते. येणारा प्रत्येक माणूस नळ सोडून पाहतोच, म्हणून पाहुणे येण्यापूर्वी सगळे नळ पाच-दहा मिनिटे वाहू द्यावेत आणि टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद राहिलेला नाही याची खात्री करावी. दुसरे म्हणजे, बिल थकल्याने वीजजोडणी तुटलेल्या घरात मोबाइलच्या उजेडात खोल्या दाखवू नयेत. तशा उजेडात उत्तम घरही पडीक वाटते आणि बिल भरायला मालकाकडे पैसे नाहीत असा अर्थ लावून समोरचा भाव पाडून मागतो.

सगळे ठेवणे किंवा सगळेच हलवणे

माळ्यावर कोंबलेल्या गाद्या, तांब्या-पितळेची भांडी, तुटका पाळणा आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले टीव्हीचे खोके यांनी भरलेले घर लहान वाटते, हे सर्वांना माहीत आहे. बाहेर दिसू नये म्हणून हीच अडगळ कपाटांत कोंबली जाते, पण गिऱ्हाईक कपाटेही उघडते आणि दार उघडताच काहीतरी अंगावर पडले की या घरात सामान ठेवायला जागा नाही असा निष्कर्ष काढून मोकळे होते. माळा आणि कपाटे निम्मी तरी रिकामी दिसली पाहिजेत.

उलट टोकाची चूक म्हणजे घर धुऊन पुसून पूर्ण मोकळे करणे. रिकाम्या खोलीत पलंग बसेल की नाही याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही आणि कॅलेंडर, घड्याळ, फोटो काढल्यावर राहिलेली खिळ्यांची भोके व फिकट चौकोन तेवढे डोळ्यांत भरतात. बेडरूममध्ये एक पलंग आणि हॉलमध्ये चार माणसांना बसता येईल एवढे सामान राहू द्यावे. गेलेल्या माणसांच्या हार घातलेल्या तसबिरी मात्र आधी हलवाव्यात. त्या पाहिल्या की पाहुण्यांचा आवाज खाली येतो आणि मोकळेपणाने प्रश्न विचारणे त्यांना जड जाते. देवघर हलवू नये असे माझे मत आहे. पुसलेल्या देवघरात दिवा तेवत असला की आपल्याकडे घराला घरपण येते आणि ‘देव कुठे ठेवता?’ या ठरलेल्या प्रश्नाचे उत्तरही आपोआप मिळते.

या प्रश्नापाठोपाठ वास्तुशास्त्र येतेच. विश्वास असो वा नसो, वाद घालू नये. मात्र एक गोष्ट जरूर सांगावी, की फोनमधील होकायंत्र लोखंडी ग्रिल किंवा सेफ्टी डोअरजवळ धरले तर चुकीची दिशा दाखवते. खोलीच्या मध्यभागी उभे राहून पाहायला सांगितल्यामुळे आमचे पूर्वेचे दार दोनदा पुन्हा पूर्वेला आले.

भलत्या ठिकाणी पैसे घालणे

विकण्यापूर्वी नवे मॉड्युलर किचन बसवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नये. ओट्याची उंची, ट्रॉल्यांची मांडणी, लॅमिनेटचा रंग या प्रत्येक घराच्या आवडी आहेत आणि नवा मालक बहुधा ते सगळे काढूनच टाकतो, म्हणजे खर्च आपला आणि मोडतोड त्याची. त्याऐवजी हात जिथे जिथे लागतो तिथे लक्ष द्यावे. पिवळी पडलेली स्विचची बटणे, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, अडकणाऱ्या सरकत्या खिडक्यांची चाके, थेंब थेंब गळणारा नळ, न बसणारी कडी, फाटलेली डासांची जाळी यांची दुरुस्ती एक सुतार, एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन मिळून दोन दिवसांत उरकतात. जुन्या चौकटी ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला तर वाळवी असण्याची शक्यता आहे आणि तिचा बंदोबस्त रंगाच्या आधी व्हायला हवा. एका खोलीत पांढरा दिवा आणि दुसऱ्या खोलीत पिवळा असला की भिंतींचे रंग वेगवेगळे दिसतात, म्हणून सगळीकडे एकाच छटेचे दिवे लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फोटो आणि क्षेत्रफळ

जाहिरातीतील फोटोंविषयी थोडक्यात सांगायचे तर ते दिवसा, पडदे उघडून आणि मोबाइल आडवा धरून काढावेत, कमोडचे झाकण बंद असावे, दोरीवर कपडे नसावेत आणि आरशात आपण स्वतः दिसू नये. दहा फुटांची खोली वाइड अँगलने अठरा फुटांची दाखवली तर उंबरठ्यातच अपेक्षाभंग होतो.

क्षेत्रफळाचा घोळ अधिक गंभीर आहे. जुन्या करारनाम्यांत अनेकदा बिल्टअप म्हणजे भिंतींसकट क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते, दलाल त्यावर जिना वगैरे सामाईक जागेचा आपला टक्का चढवून सुपर बिल्टअप सांगतो आणि खरेदीदार मात्र कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा विचारतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ५८.५ चौरस मीटर झाले सुमारे ६३० चौरस फूट. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातील व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रात बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची येत नाही, पण आतल्या खोल्यांमधील भिंती येतात. जुन्या इमारतीच्या करारात ही व्याख्या नसली तरी खरेदीदार आज तीच डोक्यात धरून येतो. आपण स्वतः टेपने मोजून प्रत्येक खोलीचा आकडा एका कागदावर लिहून ठेवावा, आणि करारातील आकडा कोणत्या प्रकारचा आहे हेही तिथेच नमूद करावे.

बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असेल तर ते दडवून ठेवण्यात अर्थ नाही. खरेदीदाराने कर्ज काढले की बँकेचा मूल्यांकनकर्ता घर आणि मंजूर नकाशा ताडून पाहतो, आणि विसार दिल्यानंतर ही गोष्ट बाहेर आली तर व्यवहार तिथेच अडतो.

भेटीची वेळ आणि कागद

पश्चिमेचा हॉल एप्रिलमध्ये दुपारी चारला दाखवणे आणि अंधारा जिना संध्याकाळी सातला दाखवणे या दोन्ही हमखास घडणाऱ्या चुका आहेत. आपल्या घरात उजेड कधी छान असतो ते ओळखून वेळ द्यावी. पितृपक्षात फोन थंडावतात, तेव्हा घाबरून भाव उतरवू नये. ते पंधरा दिवस दुरुस्तीला वापरावेत, कारण पुढे दसरा येतोच. घरात भाडेकरू असेल तर आधी कळवल्याशिवाय कोणालाही नेऊ नये. वैतागलेला भाडेकरू पाण्याच्या वेळेपासून शेजाऱ्यांच्या भांडणांपर्यंत सगळे सांगून टाकतो. अर्थात पाण्याची वेळ, टँकर, पार्किंग आणि पुनर्विकासाची चर्चा कुठवर आली आहे, हे आपण स्वतःच सांगितलेले चांगले. तेवढे सांगून झाले की गप्प राहावे आणि पाहुण्यांना पाच मिनिटे एकटे फिरू द्यावे. मी सुरुवातीला प्रत्येक खोलीत मागे मागे जाऊन बोलत असे, त्यामुळे नवरा-बायकोंना आपसांत कुजबुजायलाही मिळत नसे.

टेबलावर एक फाइल असावी. तिच्यात नोंदणीकृत करारनामा आणि त्याआधीच्या करारांची साखळी, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा इंडेक्स टू), भागदाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ताकराची व देखभाल शुल्काची शेवटची पावती, वीजबिल आणि दुरुस्तीच्या पावत्या यांच्या प्रती लावाव्यात. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नयेत. वारसाहक्काने आलेल्या घरात भागदाखल्यावर अजून गेलेल्या व्यक्तीचेच नाव असते आणि नामनिर्देशन (नॉमिनेशन) आहे म्हणून सगळे निश्चिंत असतात. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, त्यामुळे इतर वारसांचा प्रश्न जाहिरात देण्यापूर्वीच वकिलामार्फत मार्गी लावावा. आमची तीन महिन्यांची धावपळ याच कामात गेली. कर्ज फिटले असूनही मूळ कागद बँकेकडून आणायचे राहून गेले असतील तर तेही आधीच आणावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे बँकांना बंधनकारक आहे आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

विसार घेण्यापूर्वी घरासोबत काय काय राहणार आहे याची यादी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पंखे, गीझर, पडद्यांच्या दांड्या, चिमणी, पाण्याचा फिल्टर या वस्तूंवरून ऐन ताबा देण्याच्या दिवशी कटुता आलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे. आमच्या यादीत अकरा वस्तू होत्या. बारावी खरेदीदार बाईंनी लिहायला लावली, गॅलरीत कपडे वाळत घालायची कप्पीची दोरी.