फळ्या चिरायला बँडसॉ घेताय? या चुका टाळा

जाड फळी उभी धरायची आणि तिच्या दोन पातळ फळ्या काढायच्या. रिसॉचं हे काम घरच्या वर्कशॉपमध्ये बँडसॉसारखं (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत) दुसरं कुठलंच मशीन करत नाही. टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) एका कापात तीनेक मिलिमीटर लाकडाचा भुसा करतो, बँडसॉ त्याच्या निम्म्याहूनही कमी. सागाचा घनफुटाचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. पण याच कामासाठी चुकीचं मशीन घेऊन बसलेली माणसं मला सतत भेटतात, आणि चुका त्याच त्या असतात.

मशीनच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका. १४ इंची बँडसॉ म्हणजे १४ इंच रुंद फळी चिरणारा बँडसॉ नव्हे. तो चाकाचा व्यास आहे. रिसॉला लागते ती टेबलापासून वरच्या गाईडपर्यंतची, म्हणजे पात्याला बाजूंनी आधार देणाऱ्या भागापर्यंतची उंची. जुन्या घडणीच्या बिडाच्या १४ इंची मशीनला ती साधारण ६ इंच मिळते. खांबात रायझर ब्लॉक, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, घालून १२ करता येते, पण मोटर तीच राहते. म्हणून दुकानात उंची विचारली की लगेच मोटर विचारा. ६ इंच सागाला मी १ हॉर्सपॉवरच्या खाली जात नाही, ८-१० इंचांना दीड ते दोन हवी. अर्ध्या हॉर्सपॉवरचं टेबलावर ठेवायचं मशीन वळणं कापायला चांगलं आहे. रिसॉसाठी ते घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

आता पातं. इथे मी स्वतः लाकूड घालवलं आहे. एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईची ८ इंच रुंद, दीड इंच जाड सागाची फळी मिळाली होती. ती मधून चिरून कपाटाच्या दारांना जोडीची तावदानं करायची होती, दोन्हींवर एकमेकींसमोर उघडणारे रेषे. मशीनवर इंचाला १० दात्यांचं पातं चढवलेलं होतं. बारीक दाते म्हणजे साफ काप, असं वाटलं, आणि पातं बदलायचा कंटाळा केला. अर्ध्यावर जळका वास आला. मी थांबलो नाही, उलट जोर लावला. वरून पाहताना काप बरोबर रेघेवर होता. फळ्या वेगळ्या झाल्या तेव्हा कळलं: एकीला पोट सुटलं होतं आणि दुसरी मध्ये दोन सूत (पाव इंच) खोल गेली होती. इतकं जुनं, मुरलेलं लाकूड पुन्हा मिळालं नाही.

कारण साधं आहे. ८ इंच लाकडात १० दात्यांच्या पात्याचे ८० दाते एका वेळी अडकलेले असतात. दात्यांमधल्या खाचा इवल्याशा, त्या खालून बाहेर पडायच्या आधीच भुशाने भरतात. मग दाता कापत नाही, नुसता घासतो. आपण ढकलत राहतो आणि पातं आतल्या आत वाकतं. इंचाला ३ दाते, हुक घडणीचे (पुढे झुकलेले), अर्धा इंच रुंद: माझ्या १४ इंची मशीनवर रिसॉसाठी मी एवढंच पातं लावतो. काप खरबरीत येतो, त्याला रंधा आहे.

याची उलटी चूकही तितकीच दिसते. रुंद पातं सरळ चालतं असं ऐकून लोक छोट्या मशीनवर पाऊण इंची पातं चढवतात. ते चढतं, पण त्याला पुरेसा ताण द्यायची ताकद त्या सांगाड्यात आणि स्प्रिंगमध्ये नसते. सैल पाऊण इंचीपेक्षा ताठ अर्धा इंची कधीही बरं. ताणाच्या पट्टीवरचा आकडा मी बघत नाही. प्लग काढून, गाईड ६ इंच वर करून पातं बोटाने बाजूला दाबतो. पाव इंचापेक्षा जास्त हललं तर ताण कमी आहे. काम संपलं की ताण सोडतो.

काप एका बाजूला ओढत असेल तर सगळे आधी फेन्स (फळी टेकवून सरकवायची टेबलावरची सरळ पट्टी) वाकडी करायला धावतात. आधी पातं बदलून बघा. बोथट पात्याने फेन्स जुळवण्यात सुट्टीचा दिवस घालवू नका.

गाईड लाकडाच्या वर पाव इंचावर, जास्त नको. टेबल पात्याला काटकोनात आहे का, ते गुण्या लावून बघा. लांब, बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर दीड हॉर्सपॉवरची मोटर चालवू नका. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. शेवटचे दोन-तीन इंच हाताने नाही, काठीने ढकला. वाड्याच्या लाकडावर आधी चुंबक फिरवा, एक खिळा अख्खं पातं खातो.

आणि चिरल्या चिरल्या फळ्या रंधून मापावर आणू नका. आतला दमटपणा आणि ताण आता मोकळा होतो, फळी वाकते. माझ्याकडे त्या दोन्ही बाजूंना हवा लागेल अशा पट्ट्यांवर रचून, वर वजन ठेवून निदान आठवडाभर पडून असतात. चिरतानाच प्रत्येक फळी मापापेक्षा सूतभर जास्त जाड काढलेली असते, ती यासाठीच.