घराची किमान ऊर्जेची गरज कशी काढावी

घराला किमान किती ऊर्जा लागते हे वीजबिलावरून ठरवू नये, कारण बिलात प्रत्यक्ष वापर दिसतो, गरज दिसत नाही. भारनियमनाच्या गावात तर तो गरजेपेक्षा कमीच भरतो. म्हणून आधी कामे लिहावीत आणि मग प्रत्येक कामाचे वॅट व तास यांचा गुणाकार करावा.

पाच माणसांच्या घरात 9 वॅटचे चार एलईडी दिवे रोज 5 तास लागले तर 180 वॅट-तास होतात, तर 75 वॅटचे दोन पंखे 10 तास चालल्यास 1,500. टीव्ही आणि मोबाइलचे साधारण 170 धरले की बेरीज 1,850 वॅट-तास, म्हणजे दिवसाला 1.85 युनिट आणि महिन्याला सुमारे 55 युनिट होते. पंख्याचे तास मात्र उन्हाळा आणि थंडी यांसाठी वेगळे धरावेत. सगळा अंदाज तिथेच चुकतो.

स्वयंपाकाचा हिशेब बहुतेक जण विसरतात, आणि खरा भार तोच असतो. 14.2 किलोचा सिलिंडर 35 दिवस पुरत असेल, तर रोज सुमारे 400 ग्रॅम गॅस, म्हणजे जवळपास 5 युनिट उष्णता खर्च होते. शेगडीची कार्यक्षमता 68 टक्के धरल्यास त्यातली साडेतीन युनिटेच भांड्याला मिळतात. तेवढ्याच भाकरी-आमटीसाठी 15 टक्के कार्यक्षमतेच्या चुलीला पाच-साडेपाच किलो कोरडे सरपण लागेल. सरपण ओले असल्यास ते अंदाजाने न धरता आठवडाभर रोज तोलूनच नोंदवावे.