वॉर्ड बंद असताना हात तयार कसा ठेवावा : नर्सिंगच्या ऑनलाइन अभ्यासाविषयी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला 200 वर्षे पूर्ण होत असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे परिचारिका आणि प्रसूतिसेविकांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. नेमक्या त्याच वर्षी मार्चच्या अखेरीस कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली, वसतिगृह रिकामे झाले आणि आमचे विद्यार्थी आपापल्या गावी गेले. त्यानंतरच्या काळात जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलामुलींना मला फोनच्या पडद्यावरून शिकवावे लागले. त्यातून जे खरोखर उपयोगी पडले, तेवढेच येथे लिहीत आहे.

सर्वप्रथम एक वही घ्यावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात वाचून आणि ऐकून समजणारे विषय लिहावेत : शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, पोषण. दुसऱ्यात घरी सराव करता येईल अशी कौशल्ये, आणि तिसऱ्यात वॉर्डशिवाय आणि सिस्टरच्या देखरेखीशिवाय येणारच नाहीत अशा गोष्टी, म्हणजे शिरेत कॅन्युला (सलाईनची बारीक नळी) घालणे, कॅथेटर (लघवीची नळी), रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी), प्रसूती. तिसऱ्या रकान्यातील कोणत्याही प्रोसिजरपुढे केवळ व्हिडिओ पाहून ‘झाले’ असे लिहू नये. माझ्या एका विद्यार्थिनीने कॅथेटरचा व्हिडिओ पाच वेळा पाहिला होता आणि पायऱ्या तिला तोंडपाठ होत्या. पण वॉर्ड सुरू झाल्यावर निर्जंतुक हातमोजा घालताना पहिल्याच क्षणी तिचा उघडा अंगठा मोज्याच्या बाहेरच्या बाजूला लागला, आणि तो जोड टाकून द्यावा लागला. तिला ज्ञान होते, पण तिच्या हाताला सवय नव्हती, आणि ऑनलाइन शिक्षणातील खरी अडचण हीच आहे.

पहिल्या रकान्यासाठी फार सांगण्याची गरज नाही. रेंज नसेल तर थेट वर्गाच्या मागे लागण्यापेक्षा शिक्षकांकडून रेकॉर्ड केलेला ऑडिओ आणि पीडीएफ मागून घ्यावी. त्यांना डेटा कमी लागतो आणि ऑडिओ पुन्हा पुन्हा ऐकता येतो. ऐकून झाल्यावर पुस्तक मिटवून तोच भाग मराठीत कोणाला तरी समजावून सांगावा. इन्सुलिन फ्रीजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात का ठेवायचे आणि बर्फाच्या कप्प्यात का नाही, हे ज्याला आजीला सांगता येते, त्याला ते परीक्षेतही लिहिता येते.

घरच्या माणसांशी मात्र पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलावे. मुलगी घरी आली की स्वयंपाक, धुणीभांडी आणि लहान भावंडे आपोआप तिच्या वाट्याला येतात, आणि ती फोन घेऊन बसली की करमणूक चालली आहे असेच घरच्यांना वाटते. वर्गाचे वेळापत्रक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावावे आणि या वेळेत मी ड्यूटीवर आहे, असे आईला सांगावे. हा शब्द घराघरांत समजतो. शक्य असल्यास त्या वेळी युनिफॉर्मही घालावा; माझ्या अनेक विद्यार्थिनींना त्याचा फायदा झाला. शिक्षकांनीही पालकांना एक फोन जरूर करावा.

आता दुसरा रकाना, ज्यावर सर्वाधिक वेळ द्यायला हवा. सुरुवात हात धुण्यापासून करावी. साबण-पाण्याने हात धुण्याची पूर्ण प्रक्रिया 40 ते 60 सेकंदांची असते आणि सॅनिटायझर चोळण्याची 20 ते 30 सेकंदांची, हे सर्वांना पाठ असते; तरीही अंगठे, बोटांची टोके आणि बोटांच्या बेचक्या राहून जातात. त्यासाठी एक घरगुती चाचणी करावी. चमचाभर गोडेतेलात थोडी हळद कालवून तळहातावर घ्यावी, डोळे मिटावेत आणि हात धुण्याच्या सर्व पायऱ्या क्रमाने कराव्यात. डोळे उघडल्यावर जी जागा पिवळी झालेली नाही, तेथे तुमचा साबणही रोज पोहोचत नाही. नंतर साबण लावल्यावर उरलेली हळद लालसर होते, त्यामुळे धुताना कोठे कमी पडलो तेही दिसते. आठवडाभर ही चाचणी करणाऱ्या विद्यार्थ्याचे अंगठे पुन्हा सुटत नाहीत.

त्यानंतर नाडी आणि श्वसन. घरातील प्रत्येकाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय सुरुवातीलाच लागली तर नाडीची अनियमितता कधीच हाताला लागत नाही. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी साधारण 60 ते 100 आणि श्वसन 12 ते 20 असते. मोजत आहोत हे माणसाला कळले की त्याचा श्वास बदलतो, म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट न सोडता छातीकडे पाहून श्वास मोजावेत. आजोबा, काकू आणि लहान भाऊ यांचे आकडे रोज एकाच वेळी तक्त्यात भरले की टीपीआर चार्ट (रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वसन यांचा तक्ता) भरण्याचा सराव आपोआप होतो.

सलाईनच्या थेंबांचे गणितही घरी पक्के होते. 500 मिली द्रव 4 तासांत द्यायचा आहे आणि सेट (सलाईनची नळी) 20 थेंबांना 1 मिलीचा आहे, तर 500 गुणिले 20 भागिले 240, म्हणजे मिनिटाला सुमारे 42 थेंब. हे कागदावर सगळ्यांना जमते. मात्र घड्याळाकडे पाहत थेंब जुळवणे हे वेगळे काम आहे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाचा नळ हलकेच सोडावा आणि 15 सेकंदांत 10 ते 11 थेंब पडतील इतका फिरवत राहावा. वापरलेले सेट किंवा सुया सरावासाठी कोठूनही आणू नयेत.

बेडमेकिंगसाठी खाट आणि जुनी चादर पुरेशी असते. मोबाइल टेकवून व्हिडिओ काढावा आणि शिक्षकांना पाठवण्याआधी स्वतः पाहावा. एका मुलीने आजीच्या बाजेवर गोधडी घालून चादरीचे कोपरे इतके नीट घातले होते की मी तो व्हिडिओ सर्व वर्गाला दाखवला. पण चादर झटकताना तिने ती चेहऱ्यापाशी धरली होती, तेही त्याच व्हिडिओत दिसले आणि तिचे तिनेच ओळखले. रिटर्न डेमॉन्स्ट्रेशनला, म्हणजे शिकवलेले कौशल्य विद्यार्थ्याने शिक्षकांसमोर करून दाखवण्याला, पडद्यावर जवळात जवळ जाणारी गोष्ट हीच आहे, म्हणून शिक्षकांनी अशा व्हिडिओंवर गुण देऊन न थांबता दोन ओळींचा अभिप्राय अवश्य लिहावा.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. साथीच्या काळात गावातले लोक नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडे औषध विचारायला, सुई टोचून घ्यायला, सलाईन लावून घ्यायला येतात, आणि नाही म्हणणे जड जाते. तरीही नाहीच म्हणावे. तुम्ही अजून नोंदणीकृत परिचारिका नाही. ताप मोजणे, ऑक्सिमीटरचे बोट गरम आणि स्थिर ठेवून वाचन घेणे, वाचन 94 पेक्षा खाली दिसल्यास किंवा धाप लागल्यास तातडीने दवाखान्यात पाठवणे, आणि आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे, एवढेच आपले काम आहे.

घरातील मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णावर केस स्टडी लिहिता येते. तीत नाव, फोटो किंवा रिपोर्टवरील क्रमांक देऊ नये, आणि ती लिहिण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्यावी, मग तो रुग्ण आपली सख्खी आजी का असेना.

वॉर्ड पुन्हा सुरू होईल त्या दिवशी तिसरा रकाना घेऊन जावे आणि तो वॉर्ड सिस्टरना स्वतः दाखवावा. ‘सिस्टर, हे मी फक्त पाहिले आहे, केलेले नाही,’ असे म्हणायला लाजू नये. प्रत्येक प्रोसिजर आधी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर), मग त्यांच्यासमोर रुग्णावर करावी, आणि त्यांची सही झाल्यावरच त्या ओळीपुढे तारीख घालावी.