वचनाला नेमकं काय विचारावं

आमच्या मंडळीतल्या तरुणांचा बुधवारचा वचन-अभ्यास मी घेते. तिथे सगळ्यांत जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, यावर बायबलमध्ये काय लिहिलंय?" कधी तो पुण्यातल्या नोकरीबद्दल असतो, कधी आलेल्या स्थळाबद्दल, कधी आईच्या ऑपरेशनबद्दल. पवित्र शास्त्र पुरेसं आहे हे मी ठामपणे मानते. पण ते कशासाठी पुरेसं आहे, हे आधी त्यालाच विचारायला हवं.

म्हणून सुरुवात 2 तीमथ्य 3:15 ते 17 पासून करा. ख्रिस्तावरच्या विश्वासाने तारण मिळावं एवढं शहाणपण शास्त्र देतं. ते शिकवतं, दोष दाखवतं, सुधारतं, नीतीचं वळण लावतं आणि देवाच्या माणसाला प्रत्येक चांगल्या कामासाठी सज्ज करतं. सगळी माहिती देण्याचा दावा तिथे नाही. योहान तर सरळ सांगतो की येशूने केलेली कितीतरी चिन्हं या पुस्तकात लिहिलेली नाहीत; जी लिहिली ती तुम्ही विश्वास ठेवावा आणि जीवन मिळवावं म्हणून (योहान 20:30, 31). हा हेतू वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

आता प्रत्यक्ष वाचन. नवीन वर्षाच्या रात्री वचनाच्या चिठ्ठ्या निघतात, त्यात यिर्मया 29:11 कुणाला ना कुणाला येतंच: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. चिठ्ठी मिळाली की लगेच कपाटावर चिकटवू नका. 28 आणि 29 हे दोन्ही अध्याय सलग वाचा. हे पत्र आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने बंदी करून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते यरुशलेमेहून पाठवलं. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तेच हवं होतं. यिर्मया लिहितो: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षं लागतील. अकरावं वचन येतं ते याच्यानंतर. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा शेवट बाबेलमध्येच होणार होता आणि तरी देवाने त्यांना सोडलेलं नव्हतं. मला हे वचन चिठ्ठीवरच्यापेक्षा असं जास्त धीर देतं.

उतारा समजला की तीन गोष्टी लिहा: देव कसा आहे हे इथे काय कळलं, ख्रिस्ताकडे हे कसं नेतं, माझं काय चुकतंय. तिसऱ्यावर घाई करू नका.

मग आपला प्रश्न पुढे ठेवा. पुण्यातल्या कंपनीचं नाव बायबलच्या 66 पुस्तकांत सापडणार नाही, आणि डोळे मिटून पान उघडून बोट ठेवल्यानेही सापडणार नाही. तसं करू नका. पण शास्त्र विचारतं: घरच्यांची तरतूद होईल का (1 तीमथ्य 5:8)? कुणाची मजुरी दाबावी लागणार नाही ना (याकोब 5:4)? एकत्र जमणं सुटेल का (इब्री 10:25)? एवढं तपासून झाल्यावर दोन्ही वाटा चांगल्या उरल्या तर प्रार्थना करा, जाणत्यांचा सल्ला घ्या आणि निवडा. देवाने ती मोकळीक दिली आहे.

आजारपणात औषध बंद करून "वचन पुरेसं आहे" म्हणणाऱ्यांना मी 1 तीमथ्य 5:23 दाखवते. तीमथ्याच्या पोटासाठी प्रेषित पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. प्रार्थना करा, गोळ्याही वेळेवर घ्या.

कुणी म्हणालं, "देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलं, याच घरात लग्न कर," तर घाबरू नका. बिरुया नगरातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून पडताळलं आणि त्यासाठी त्यांची स्तुती झाली (प्रेषित 17:11). इंग्लंडच्या चर्चच्या 39 कलमांपैकी सहावं हेच सांगतं: जे शास्त्रात नाही किंवा शास्त्रावरून सिद्ध होत नाही, ते तारणासाठी आवश्यक म्हणून कुणावर लादायचं नाही. साध्या विश्वासणाऱ्याला याहून मोठं संरक्षण मला माहीत नाही. मात्र त्यासाठी पुस्तक स्वतः वाचता यायला हवं. केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात आयुष्याची अखेरची वर्षं घातली. आमच्या घरातल्या बायकांनी ते हातात घ्यावं, दुसऱ्याने सांगितलेल्यावर थांबू नये, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदा करत असाल तर फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. 25 वचनं, एका बैठकीत होतात. फिलेमोनाचा दास अनेसिम त्याच्याकडे परत येतोय. पौलाला आज्ञा करता आली असती, तो विनंती करतो: दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून त्याला घे. घरात गेल्यावर त्याला कुठे बसवायचं, काय काम द्यायचं, हे पौल लिहीत नाही. मी सांगतो त्याहून अधिक तू करशील, एवढंच लिहितो. वरच्या तीन गोष्टी या पत्रावर लिहून काढा आणि बुधवारी वही घेऊन या.