परदेशी निर्मिती संस्थेकडे पटकथा पाठवताय? या चुका टाळा

कोल्हापुरात पटकथा लिहिणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. हल्ली मात्र पहिला खर्डा संपला की तो दुसऱ्यांदा वाचून पाहण्याआधीच थेट लॉस एंजेलिसला पाठवण्याची घाई सुरू झाली आहे, आणि त्यातून त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कोणी न मागता पटकथा पाठवणे. मंगळवार पेठेतल्या ओळखीच्या एका तरुणाने तालमीच्या पार्श्वभूमीवर खरोखर चांगली पटकथा लिहिली होती. त्याने इंटरनेटवर सापडतील तेवढ्या संस्थांचे पत्ते एकाच ईमेलमध्ये ओळीने भरले, संपूर्ण पीडीएफ जोडली आणि पाठवून दिली. आपल्याबरोबर आणखी कोणाकोणाला हे आले आहे, ते साहजिकच प्रत्येकाला दिसले. उत्तर एकच आले आणि तेही कायदा विभागाकडून: न मागवलेले लेखन आम्ही स्वीकारत नाही, जोडलेली फाइल न वाचता काढून टाकली आहे. ‘निदान पहिलं पान तरी वाचायचं!’ म्हणून गडी आठवडाभर धुमसत होता.

त्या संस्थेचे मात्र काही चुकले नव्हते. उद्या तशाच कथेचा चित्रपट आला आणि कोणी चोरीचा दावा ठोकला, तर ‘आम्ही ते वाचलेच नाही’ हा त्यांचा सर्वांत भक्कम बचाव असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या संस्था एजंट, मॅनेजर किंवा मनोरंजन क्षेत्रातील वकील यांच्यामार्फत आलेलेच लेखन पाहतात, तर काही संस्था आधी रिलीज फॉर्मवर, म्हणजे पुढे दावा न करण्याच्या हमीपत्रावर, सही मागतात. मी स्वतः एका वेळी एकाच संस्थेला, तिचे आधीचे चित्रपट पाहून, नावानिशी लिहितो: दोन वाक्यांत कथा, दोन वाक्यांत स्वतःची ओळख आणि शेवटी ‘पटकथा पाठवू का?’ हा प्रश्न. सोबत काहीही जोडत नाही.

होकारासोबत रिलीज फॉर्म आलाच तर तो वाचावा. ‘अशीच कथा आमच्याकडे अन्य मार्गानेही आलेली असू शकते, त्याबद्दल तुम्ही दावा करणार नाही’ अशा अर्थाचे कलम त्यात बहुधा असतेच. मार्केट यार्डात गुळाचा रवा फोडून बघितल्याशिवाय न घेणारी माणसे इथे मात्र मोबाइलवरच सही करून मोकळी होतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

दुसरी चूक कादंबरीवर बेतलेल्या पटकथांची. ‘लेखकाच्या घरच्यांनी तोंडी होकार दिलाय’ या वाक्याला परदेशात काडीची किंमत नाही. तिथे हक्कांची अखंड कागदोपत्री साखळी, म्हणजे मूळ लेखकाकडून ते तुमच्यापर्यंत कसे आले याची सगळी कागदपत्रे, मागतात. भारतीय कायद्यात स्वामित्व हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचे हक्क २०३६ अखेरपर्यंत शाबूत आहेत. लेखी करार केला तरी मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घ्यावा. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचे धरले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरतेच मानले जाते. असा अर्धवट करार परदेशी निर्मात्याच्या काय कामाचा?

पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी करावी. तो तारखेचा पुरावा आहे, कल्पनेची मालकी नव्हे. नुसत्या कल्पनेवर स्वामित्व हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे.

सारांशात शेवट लपवून ‘पुढे काय होते ते पडद्यावरच पाहा’ असे लिहू नये. पैसे घालणाऱ्याला शेवट आधी कळावा लागतो. अक्षराचा फॉन्ट कुरिअर, आकार १२ पॉइंट. कागदाचा आकार अमेरिकेसाठी लेटर, युरोपसाठी ए४. बीबीसीच्या नवोदितांसाठीच्या खुल्या आवाहनात कोल्हापुरातून अर्ज करू नये, कारण ते ब्रिटन आणि आयर्लंडच्या रहिवाशांसाठी असते. दर आठवड्याला ‘काय झालं?’ असे विचारू नये.

आणि वाचनाचे आगाऊ पैसे मागणाऱ्या ‘एजंट’पासून दूर राहावे. अमेरिकेत एजंट काम मिळाल्यावर मानधनातून, साधारण १० टक्के, घेतो. आगाऊ पैसे खर्चायचेच असतील तर नोव्हेंबरात गोव्याचा फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) गाठावा; परदेशी निर्माते तिथे सहनिर्मितीसाठी स्वतःच येतात, आणि कोल्हापूरहून तो फार लांबही नाही.